साक्षीक

२२ जानेवारी २०२२ची बातमी आहे. गोव्यात विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. काँग्रेसचे उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात गेले, मग बांबोळीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसकडे, मग बेतीच्या दर्ग्यात. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच शपथ घेतली: निवडून आलो तर पक्ष सोडणार नाही. असं का करावं लागलं, ते गोव्यात सगळ्यांना माहीत होतं. जुलै २०१९मध्ये त्याच पक्षाच्या १५ पैकी १० आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले होते. आता मत मागायला कोणत्या तोंडाने जायचं, हा प्रश्न होता, आणि उत्तर म्हणून देवाला मध्ये घेतलं गेलं.

खरं सांगते, ती बातमी वाचून मला आधी बरंच वाटलं होतं. हिंदू उमेदवार खुरसापुढे उभे होते, ख्रिस्ती उमेदवार देवळात उभे होते, आणि सगळे मिळून दर्ग्यात. आमच्या भागात हे कुणाला वेगळं वाटत नाही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी आहेत, असं मानणारी ही माणसं. नवस बोलताना कुणाच्या अंगणातला देव आहे, हे विचारायची रीत नाही. त्यामुळे एकाच दिवशी तीन दारं चढून दिलेला शब्द मला खूप मोठा वाटला. तीन देव ऐकत होते.

१४ सप्टेंबर २०२२ला निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदीचा कायदा म्हणजे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट दोन तृतीयांशांचं गणित बघतं. तेवढे आमदार एकत्र गेले तर पद जात नाही, आणि ११ पैकी ८ त्यात बसतात. २०१९चे १५ पैकी १० तर नेमके बसले होते. कायद्याचं ते तसं. पण शपथेचं काय, असं पत्रकारांनी विचारल्यावर त्या आठांतले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितलं, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं, आणि तुला योग्य वाटेल ते कर असं देवाने सांगितलं.

ते वाक्य ऐकताना मी स्वयंपाकघरात उभी होते. पुष्कळ लोक चिडले, पुष्कळ हसले. मला यातलं काहीच झालं नाही. मला माझी आजी आठवली, आणि पाटाचं पाणी.

आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या सीमेला लागून. घराच्या मागच्या बाजूला माड-पोफळींची बाग, आणि वरच्या व्हाळातून आलेला पाट. पाटाला आमच्या भाऊबंदांत पाळ्या लावलेल्या होत्या. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या, तेव्हा आजोबांच्या चुलतभावाने गावच्या देवळात नारळ ठेवून शब्द दिला होता, की उन्हाळ्यात आठवड्यातले दोन दिवस पाणी तुमच्या बागेला सोडीन. कागद नव्हता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, झालं.

काही वर्षांनी त्यांनी नव्या पोफळी लावल्या, आणि एका चैत्रात आमचे दोन दिवस बंद झाले. आजी विचारायला गेली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, मी देवाकडे कौल घेतला. देवाने उजवा कौल दिला.

कौल म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. देवाच्या अंगावर पाकळ्या किंवा तांदूळ लावतात, प्रश्न मांडतात, आणि कोणत्या बाजूचं आधी पडतं ते बघतात. उजवं पडलं तर होकार. आमच्या गावात लग्न, घराचा पाया, आजाऱ्याला मुंबईला न्यायचं की नाही, सगळं कौलाने ठरायचं. आजीचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास होता. उजव्या कौलाशी वाद घालणारी ती बाई नव्हती. पण त्या दिवशी ती त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभी राहून जे म्हणाली, ते मी लहान असूनही विसरले नाही:

“शब्द तू माका दिलंस, देवाक नाय. देव साक्षीक होतो. मोडूचो आसलो तर माका येवन इचार.”

साक्षीक. साक्षीला. आजीच्या लेखी तिथे तीन जण होते. देणारा, घेणारी, आणि बघणारा. बघणाऱ्याला कितीही मान असला, तो कितीही सर्वज्ञ असला, तरी घेणारीचं पाणी माफ करायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. व्यवहार त्याच्याशी झालेलाच नव्हता.

त्यानंतर पुढारी, त्यांचा धर्म आणि त्यांच्या शपथा यावर कुठेही वाद झाला की मी आजीच्या त्या खळ्यात जाऊन उभी राहते. आणि मला जाणवतं, की जगात या विषयावर दीडदोनशे वर्षं जी भांडणं झाली, त्यात जवळजवळ सगळे जण साक्षीदार कोण आहे यावरच भांडले. ज्याला शब्द दिला, त्याचं कुणी नावच घेतलं नाही.

चार्ल्स ब्रॅडलॉची गोष्ट मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी माझं लक्ष त्याच्यापेक्षा त्याच्या गावाकडे जातं. नॉर्थम्प्टन हे इंग्लंडमधलं जोडे बनवणाऱ्या कारागिरांचं शहर. १८८०मध्ये तिथल्या लोकांनी या माणसाला पार्लमेंटमध्ये निवडून दिलं. ब्रॅडलॉ नास्तिक होता आणि ते लपवत नव्हता. नॅशनल सेक्युलर सोसायटी त्यानेच १८६६मध्ये काढलेली. सभागृहात गेल्यावर त्याने विचारलं, की देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी मी नुसतं प्रतिज्ञेने वचन दिलं तर चालेल का? समितीने एका मताच्या फरकाने नाही म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे, शपथ घेतो. त्यातले काही शब्द माझ्यासाठी अर्थहीन असले तरी त्यामागचं वचन मला बांधील. त्यावर सभागृह म्हणालं, ज्याला देवच नाही त्याची शपथ आम्ही घेऊ देणार नाही.

म्हणजे दोन्ही दारं बंद. त्याने हटायला नकार दिला, तेव्हा जून १८८०मध्ये एक रात्र त्याला पार्लमेंटच्याच घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. ज्याला पुढे सगळं जग बिग बेन म्हणून ओळखू लागलं, तोच तो मनोरा. ऑगस्ट १८८१मध्ये त्याला पोलिसांनी आणि शिपायांनी धरून बाहेर काढलं, त्यात त्याचा कोट फाटला. १८८२मध्ये त्याने खिशातून पुस्तक काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली. या काळात जागा पुन्हा पुन्हा रिकामी व्हायची, आणि नॉर्थम्प्टनचे लोक पुन्हा त्यालाच निवडून द्यायचे. १८८१, १८८२, १८८४. पोटनिवडणुकांमागून पोटनिवडणुका.

या सहा वर्षांत त्याच्या बाजूने उभा राहिलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे पंतप्रधान ग्लॅडस्टन, आणि ग्लॅडस्टन कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती होता. ब्रॅडलॉची मतं त्याला अजिबात पटत नव्हती. तरी एप्रिल १८८३मध्ये प्रतिज्ञेला मुभा देणाऱ्या विधेयकावर तो जीव ओतून बोलला. विधेयक तीन मतांनी पडलं, २८९ विरुद्ध २९२. श्रद्धा असलेल्या माणसाने श्रद्धा नसलेल्याच्या हक्कासाठी हरणं, याची माझ्या मनात फार मोठी किंमत आहे. मी स्वतः रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. दिवा लावणाऱ्या माणसाने हे काम करायला हवं, असं मला वाटतं. देवावर विश्वास असलेल्यालाच देवाचं नाव जबरदस्तीने घ्यायला लावण्यातली विटंबना सर्वांत आधी दिसायला हवी.

शेवटी जानेवारी १८८६मध्ये नव्या पार्लमेंटमध्ये सभापतींनी, आर्थर पील यांनी, कुणालाही हरकत घेऊ दिली नाही आणि ब्रॅडलॉची शपथ झाली. १८८८मध्ये त्याच्याच प्रयत्नाने कायदा झाला, की ज्याला शपथ नको त्याला प्रतिज्ञा करता येईल. १८९१च्या जानेवारीत तो मरणाच्या दारात असताना सभागृहाने १८८०चा आपला ठराव कामकाजातून काढून टाकला. ३० जानेवारीला तो गेला. आपल्यावरचा डाग पुसला गेला, हे त्याला कळलं नाही. त्याच्या अंत्यविधीला लंडनमधली भारतीय मुलं गेली होती. त्यात कायद्याचा एक विद्यार्थी होता, मोहनदास गांधी.

ती मुलं का गेली, याचं कारण मुंबईत आहे. ब्रॅडलॉ पार्लमेंटमध्ये भारताच्या बाजूने इतकं बोलायचा की त्याला ‘भारताचा सभासद’ म्हणत. १८८९च्या डिसेंबरमध्ये आजारातून उठून तो मुंबईला काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला आला. त्या वर्षी प्रतिनिधींची संख्याही १८८९च भरली होती. टिळक आणि गोखले दोघेही त्या मंडपात होते. ज्याला सहा वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्याने ज्यांना दारच नव्हतं अशा लोकांसाठी कायदेमंडळाच्या सुधारणेचा मसुदा मनावर घेतला होता.

आणि त्या सहा वर्षांत नॉर्थम्प्टनच्या कारागिरांचं काय? त्यांनी दिलेल्या मताच्या बदल्यात त्यांचा माणूस आत जायला हवा होता. सभागृह देवाच्या अपमानाबद्दल बोलत राहिलं, आणि ज्या हजारो मतदारांचा आवाज आत पोचला नाही त्यांचा हिशेब कुणी मांडला नाही. आजीच्या भाषेत, साक्षीदारावरून भांडणात पाणी अडून राहिलं.

त्याआधी लायोनेल डी रॉथशिल्ड या ज्यू सभासदाला शपथेतल्या ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेवर’ एवढ्या शब्दांसाठी अकरा वर्षं थांबावं लागलं होतं, १८४७ ते १८५८. पण ब्रॅडलॉनंतर वाट मोकळी झाली. १८९२मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजचे आपले जुने प्राध्यापक दादाभाई नौरोजी लंडनच्या फिन्सबरीतून पाच मतांनी निवडून आले, तेव्हा त्यांनी बायबलऐवजी आपल्या खोर्दे अवेस्तावर शपथ घेतली. नवसारीच्या घराण्यातला, मुंबईत घडलेला एक पारशी माणूस ब्रिटनच्या पार्लमेंटमध्ये हातात आपलं प्रार्थनेचं पुस्तक धरून उभा आहे, हे चित्र मला फार प्रिय आहे.

अमेरिकेतही हेच झालं, शंभराहून जास्त वर्षांनी. मिनेसोटातून निवडून आलेले कीथ एलिसन हे तिथल्या काँग्रेसमधले, म्हणजे संसदेतले, पहिले मुस्लिम सभासद. ते कुराणावर शपथ घेणार म्हटल्यावर महिनाभर गदारोळ. खरं तर तिथे सभागृहातली अधिकृत शपथ सगळे मिळून उजवा हात वर करून घेतात, हातात पुस्तक असावं लागत नाही. पुस्तक येतं ते नंतरच्या फोटोपुरतं. आणि त्यांच्या घटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे, की कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. ४ जानेवारी २००७ला एलिसन यांनी जे कुराण हाताखाली धरलं, ते थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातलं होतं. इतकं सुंदर उत्तर क्वचितच कुणी न बोलता दिलं असेल.

आपल्या संविधान सभेतही हा प्रश्न आला. मसुद्यातल्या राष्ट्रपतींच्या शपथेत देव नव्हता. डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत आणि महावीर त्यागी यांनी तो घालावा असा आग्रह धरला, आणि सभेने मान्य केलं. पण त्याच्याच बरोबरीने, त्याच रांगेत, ज्याला देव नको त्याच्यासाठी दुसरा शब्दही ठेवला. डॉ. आंबेडकरांनी तेव्हा मांडलेला मुद्दा मला पटतो. ज्या कर्तव्यामागे कायद्याची शिक्षा नाही, तिथे काही माणसांना देवाचा धाक बांधून ठेवतो आणि काहींना आपली सदसद्विवेकबुद्धी पुरते. माणसं दोन्ही तऱ्हेची असतात, तर दोघांसाठी जागा करावी.

पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ला, कामतांनी उद्देशिकेची सुरुवातच देवाच्या नावाने करावी अशी दुरुस्ती आणली. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कळवळून सांगितलं, की देवावर मतदान घ्यायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. कामत हटले नाहीत. मतदान झालं, बाजूने ४१, विरुद्ध ६८. ज्यांनी विरुद्ध मत दिलं, त्यांच्यातले कितीतरी जण सकाळी पूजा करून आले असतील. उद्देशिका ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांनी सुरू होते, आणि शपथ ज्याला द्यायची तो धनी कोण, हे मला त्या तीन शब्दांत स्वच्छ दिसतं.

आता मराठीतली शपथ बघा. ‘मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की’, किंवा ‘मी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की’. इंग्रजीत देवाच्या नावाने शपथ आहे, हिंदीत ईश्वराची शपथ आहे. मराठी मसुदा करणाऱ्यांनी मात्र ‘ईश्वरसाक्ष’ लिहिलं. हा शब्द कुणी सुचवला असेल त्याला माझा नमस्कार आहे. देव साक्षीला, शब्द दुसऱ्याला. माझ्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या आजीने खळ्यात उभं राहून जे सांगितलं, ते आपल्या घटनेच्या मराठी पाठात छापलेलं आहे.

आपल्या जुन्या शपथांत हे होतंच. बेलभंडार उचलून दिलेला शब्द समोरच्याला दिलेला असायचा. बेल आणि भंडारा मध्ये होते ते साक्षीला. ‘आईशप्पथ’ म्हणणारा शाळकरी मुलगाही आईला काही देत नसतो, आईला मध्ये ठेवून मित्राला खात्री देत असतो.

मंत्र्याच्या शपथेचा शेवट मला तोंडपाठ आहे: सर्व तऱ्हेच्या लोकांना मी निर्भयपणे व निःस्पृहपणे, तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता न्याय्य वागणूक देईन. शपथविधीच्या दिवशी टीव्हीवर हे वाक्य घाईत, एका दमात म्हटलं जातं, टाळ्या आधीच सुरू झालेल्या असतात. चर्चा होते ती पहिल्या शब्दाची. कुणी ईश्वरसाक्ष म्हणालं, कुणी दृढकथन केलं, कुणी सुरुवातीला कुणाचं स्मरण केलं. नोव्हेंबर २०१९मध्ये शिवाजी पार्कवरच्या शपथविधीत मंत्र्यांनी महापुरुषांची आणि आईवडिलांची नावं घेतली म्हणून वाद झाला. पुढच्याच महिन्यात के. सी. पाडवी यांनी मजकुराबाहेरचे शब्द जोडले म्हणून राज्यपालांनी त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. केरळात २००१मध्ये उमेश चल्लियिल या आमदारांनी श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली, आणि २००३मध्ये उच्च न्यायालयाने ती अवैध ठरवली. जून २०२४मध्ये लोकसभेत शपथेपाठोपाठ इतक्या घोषणा झाल्या, की मजकुराला पुढेमागे काही जोडू नये असा नियमच करावा लागला.

केरळातल्या त्या आमदारांबद्दल मला आतून सहानुभूती वाटते. ज्या गुरूंनी माणसांना देवळाचं दार उघडून दिलं, त्यांच्यातच कुणाला देव दिसला तर त्यात नवल काय. तरीही मजकुराला हात लावू नये, याच बाजूची मी आहे. तो ऐकणाऱ्याच्या हक्काचा कागद आहे. त्यात आपल्या आवडीची भर घालणं म्हणजे दुसऱ्याच्या दस्तऐवजावर लिहिणं. मनात कुणाला आठवायचं ते आठवावं. मुख्यमंत्री कोणत्या देवळात जातो, खासदार कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करते, हे मला खरोखर जाणून घ्यायचं नाही. माझ्या गल्लीतल्या, माझ्याहून वेगळ्या देवाच्या माणसाचं काम घेऊन मी त्यांच्या दारात गेले तर ममत्वभाव आणि आकस दोन्ही बाजूला ठेवले जातात का, एवढंच मला बघायचं आहे. ते दिसायला पाच वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा थांबत नाही.

गोव्याची ती तीन दारांची शपथ घटनेतली नव्हती. विधानसभेच्या शपथेत पक्ष सोडणार नाही असं काही नसतं, हे मला माहीत आहे. पण मतदारांच्या देखत, मतदारांसाठी, मत मागण्याच्या आधी दिलेला तो शब्द होता. त्यातून सुटायचं तर विचारायला जायची जागा मडगावचं, मुरगावचं, कळंगुटचं घरोघरचं दार होतं. राजीनामा द्यायचा, पुन्हा मत मागायचं. कुणी सांगावं, लोकांनी सोडलंही असतं. लोक सोडतात.

आजोबांच्या त्या चुलतभावांनी दोन वर्षं आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. आमच्या पोफळींतल्या काही त्या उन्हाळ्यांत वाळल्या. आजीने देवळात जाऊन त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं घातलं नाही. देवाला यात घालायचं नाही, असं ती म्हणायची. मग एका वैशाखात, तिन्हीसांजेला, ते आले. खळ्याच्या पेळेवर बसले. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत. बराच वेळ गप्प राहून म्हणाले,

“वयनी, माका ते दोन दिस पानी होया. देतलास काय?”

आजी तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, नव्या पोफळी किती जगल्या. त्यांनी आकडा सांगितला. ती म्हणाली, एक दिस तुजो, एक दिस माजो. ते उठले, आणि अंधार पडायच्या आत पाटाकडे गेले. त्या रात्री आमच्या बागेत पाणी आलं, तेव्हा आजी कंदील घेऊन पोफळींच्या मुळाशी उभी होती.